वळणावरची कटकट

रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी न्यायची, काचा खाली करायच्या, गाणी बंद करायची, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचे आणि सावकाश गोल फिरायचे. पुढच्या चाकाकडून ठेक्यात कट-कट-कट असा आवाज आला, ॲक्सलरेटर दाबल्यावर तो वाढला आणि स्टिअरिंग सरळ करताच थांबला, तर निदान जवळजवळ पक्के झाले. गिअरबॉक्सकडून चाकाकडे ताकद नेणारा जो दांडा असतो, त्याचा चाकाकडचा सांधा झिजला आहे. या दांड्याला कोणी ड्राइव्ह ॲक्सल म्हणते, कोणी ड्राइव्ह शाफ्ट, कोणी नुसतेच ॲक्सल. आवाज बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूला असलेले चाक करते, कारण भार तिकडे झुकलेला असतो. गाडी डावीकडे वळताना वाजत असेल, तर आधी संशय उजव्या ॲक्सलवर घ्यायचा.

वेगाबरोबर वाढत जाणारी एकसुरी घरघर येत असेल, तर ते चाकाचे बेअरिंग. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरते आणि पाय काढताच शांत होते, तर ॲक्सलचा गिअरबॉक्सकडचा, आतला सांधा. ही तपासणी फुकटात होते आणि ती नीट केली नाही तर चांगला भाग काढून टाकून नवा बसवला जातो, आवाज मात्र तसाच राहतो.

आवाज लोखंडाचा असला तरी दुखण्याची सुरुवात रबरापासून झालेली असते. प्रत्येक सांध्यावर घड्यांचे, शंकूच्या आकाराचे एक आवरण असते. गॅरेजमध्ये त्याला बूट म्हणतात. त्याच्या आत मॉलिब्डेनम डायसल्फाइड मिसळलेले काळसर ग्रीस भरलेले असते आणि दोन्ही तोंडे पट्ट्यांनी आवळलेली असतात. उन्हाने, वयाने किंवा रस्त्यावरच्या एखाद्या तारेने बुटाच्या घडीला चीर पडली की चाकाच्या फिरण्याने ग्रीस बाहेर फेकले जाते. रिमच्या आतल्या अंगाला काळ्या चिकट शिंतोड्यांचा पट्टा दिसतो, तो हाच. रिकाम्या झालेल्या जागेत पाणी आणि धूळ शिरते, उरलेल्या ग्रीसमध्ये मिसळते आणि पाट्यावर वाटण वाटावे तसे ते मिश्रण पोलादाच्या गुळगुळीत पृष्ठभागांना घासू लागते. पट्टा दिसला त्याच आठवड्यात बूट बदलला, तर सांधा वाचू शकतो. कटकट सुरू झाल्यावर मात्र नवे ग्रीस भरून उपयोग नसतो. पोलादात खड्डे पडलेले असतात.

इतक्या नाजूक आवरणावर अवलंबून असलेला हा सांधा मुळात लागतोच कशाला, हे समजून घेतले की पुढच्या प्रत्येक पायरीचा अर्थ लागतो.

मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी ज्यांनी खालून पाहिली आहे, त्यांना तिच्या पोटाखालून मागे जाणारा लांब दांडा आठवत असेल. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना होती. मागची चाके वळत नाहीत, फक्त खालीवर होतात. त्यामुळे या दांड्याला, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टला, थोडेसेच वाकावे लागते आणि तेवढ्यासाठी साधा क्रॉसचा सांधा पुरतो. ही कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातला इटालियन गणिती जेरोलामो कार्दानो याचे नाव तिला जोडले जाते आणि सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट हुकने तिचा अभ्यास केला.

हुकच्या सांध्यात एक खोट आहे. दोन दांडे एका रेषेत नसले, तर पहिला अगदी एकसारख्या वेगाने फिरला तरी दुसरा तसा फिरत नाही. एका फेरीत तो दोनदा मागे पडतो आणि दोनदा पुढे धावतो. कोन ३० अंशांचा असेल तर दुसऱ्या दांड्याचा वेग पहिल्याच्या ८७ टक्क्यांपासून ११५ टक्क्यांपर्यंत हेलकावे खातो. प्रॉपेलर शाफ्टवर असे दोन सांधे योग्य बेताने बसवले, तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. पुढच्या चाकांना ही सोय नाही, कारण तिथला कोन स्टिअरिंगच्या प्रत्येक हालचालीबरोबर बदलतो. लहान मोटारीच्या टायरचा घेर सुमारे १.८ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला नऊ फेऱ्या मारते. हुकचा सांधा तिथे असता, तर वळणावर सेकंदाला अठरा हिसके स्टिअरिंगमधून चालकाच्या हातात आले असते.

इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्या चाकांना, ही मांडणी जागा वाचवते हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. अडले होते ते या सांध्यापाशी. १९२० च्या दशकात दोन उत्तरे पुढे आली. फ्रान्समध्ये झाँ-आल्बेर ग्रेग्वार आणि पिएर फेनाय यांनी त्राक्ता नावाचा सांधा बनवला. स्वतःच्या त्राक्ता मोटारीत तो बसवून त्यांनी १९२७ च्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत भाग घेतला. अमेरिकेत आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने छर्‍यांचा सांधा शोधला. आज जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या पुढच्या चाकाजवळ असतो तो झेप्पाच्या सांध्याचाच वंशज.

त्याची युक्ती भूमितीची आहे. दोन दांड्यांमधला कोन बरोबर मधोमध दुभागणारी एक पातळी कल्पावी. ताकद एकीकडून दुसरीकडे पोचवणारे बिंदू सदैव त्या पातळीत राहिले, तर दोन्ही दांडे प्रत्येक क्षणी सारख्याच वेगाने फिरतात. झेप्पाच्या सांध्यात हे बिंदू म्हणजे सहा छर्रे. बाहेरची वाटी, आतला गोळा, दोघांवर कोरलेल्या सहा-सहा वक्र खाचा आणि मध्ये सहा खिडक्यांचा पिंजरा. दांडा कितीही वाकला तरी पिंजरा आणि खाचा मिळून छर्‍यांना त्या मधल्या पातळीत आणून ठेवतात. चाक पूर्ण वळलेले असताना आणि इंजिन जोर लावत असताना हे छर्रे खाचांमध्ये पुढेमागे सरकत राहतात. खाचेत खड्डा पडला असेल, तर छर्रा त्यात पडून बाहेर निघतो. पार्किंगमध्ये ऐकू आलेला आवाज तो.

दुसऱ्या महायुद्धातल्या काही जीपच्या पुढच्या ॲक्सलमध्ये हे सांधे होते. घराघरात ते नेले ब्रिटनच्या मिनीने. १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून आणि झेप्पा पद्धतीचे सांधे वापरून दहा फूट लांबीच्या मोटारीत चार माणसे बसवली. जपानमध्ये सुझुकीने त्याआधीच, १९५५ मध्ये, आपली पहिली मोटार सुझुलाइट पुढच्या चाकांवर चालणारी काढली होती. त्या घराण्यातली मारुती ८०० भारतात १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या ग्राहकाच्या हाती पडली. ॲम्बॅसिडर आणि पद्मिनीवर हात बसलेल्या इथल्या मेकॅनिकांना पुढच्या चाकांचे ॲक्सल शिकून घ्यावे लागले आणि त्यांनी ते फार लवकर शिकून घेतले. त्या पिढीच्या हातांचे कौतुक व्हायला हवे तेवढे झालेले नाही.

ॲक्सल बदलण्याचे काम स्वतःच्या हाताने करण्याची खरी भूमी मात्र अमेरिका. स्वतंत्र घर, त्याला लागून गॅरेज किंवा दारापुढची फरशी, आणि वर्कशॉपमध्ये तासाला शंभर डॉलरच्या वर जाणारी मजुरी. ॲक्सलची किंमत आणि तो बसवण्याची मजुरी यांचा हिशेब मांडला, तर अवजारांचा खर्च पहिल्याच कामात बराचसा वसूल होतो. शिवाय सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांतून भारी अवजारे अनामत ठेवून घरी नेता येतात. काम झाल्यावर परत दिली की पैसे परत. डेट्रॉइट किंवा न्यू जर्सीत नोकरीनिमित्त स्थिरावलेली अनेक मराठी माणसे, ज्यांनी पुण्या-नाशकात कधी चाकही बदलले नव्हते, तिथे गेल्यावर पाने हातात धरायला शिकली आहेत.

ज्ञान मिळते ते मुख्यतः दुरुस्तीच्या पुस्तकांतून. ब्रिटनच्या जॉन हेन्स यांनी १९६६ साली ऑस्टिन-हीली स्प्राइट या मोटारीचे पहिले दुरुस्ती-पुस्तक काढले. गाडी स्वतः पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यायचे, ही त्यांची पद्धत होती. आता पुस्तकांच्या जोडीला चलचित्रे आली आहेत. भारतात मात्र नेमकी माहिती मिळणे बरेच दिवस अवघड होते. सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका बाहेरच्या गॅरेजांना उपलब्ध करून दिल्या जात नाहीत, या मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या, पण आपल्या गाडीची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हा विचार त्या आदेशाने ठसठशीतपणे मांडला. तो विचार योग्यच आहे.

ॲक्सल बदलण्याच्या कामाचे उदाहरण म्हणून २००३ ते २००८ या काळातली टोयोटा कोरोला घेऊ. ही पिढी अमेरिकेतही विकली गेली आणि भारतातही.

पहिले काम दुकानात करायचे. नवा ॲक्सल घरी आणण्यापूर्वी डावा-उजवा तपासायचा. गिअरबॉक्स गाडीच्या बरोबर मधोमध नसतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या ॲक्सलची लांबी वेगळी असते. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल गिअरबॉक्सचे ॲक्सलही वेगळे असू शकतात. जुना निघाला की नव्याशेजारी फरशीवर ठेवून लांबी, दोन्ही टोकांच्या खाचांची संख्या, टोकाचे आटे आणि एबीएसची दातेरी कडी असेल तर तीही ताडून पाहायची. यात पाच मिनिटे जातात. न जुळणारा ॲक्सल अर्धा आत गेल्यावर लक्षात आले, तर दुसरा दिवस जातो.

आता नट. चाकाच्या मध्यावरची टोपी काढली की आत मोठा षट्कोनी नट दिसतो. ॲक्सलचे टोक हबमधून बाहेर येते आणि हा नट त्याला धरून ठेवतो. साध्या मोटारींत तो ३० ते ३६ मिलिमीटरचा असतो, कोरोलाचा ३०. जवळून पाहिले तर त्याची पातळ कड एका ठिकाणी आत दाबलेली दिसते, ॲक्सलवरच्या खाचेत बसवलेली. नट आपोआप सैल होऊ नये म्हणून कारखान्यातच ती ठोकलेली असते. काही मॉडेलांत त्याऐवजी स्प्लिट पिन असते. दाबलेली कड बारीक छिन्नीने आधी उचलायची. घाईत तशीच गोटी (सॉकेट) लावून जोर केला, तर ती कड ॲक्सलचे आटे खरवडत बाहेर येते.

कोरोलाचा हा नट २१६ न्यूटन मीटरला आवळलेला असतो. गंजामुळे सोडवायला त्याहून बराच जास्त जोर लागतो. साठ किलोच्या माणसाने अर्धा मीटर लांब दांड्याच्या टोकावर पूर्ण भार टाकला, तर सुमारे ३०० न्यूटन मीटर मिळतात. दांड्यावर पाइप चढवून तो एक मीटर केला, की ६०० च्या जवळ. म्हणजे हे काम दंडाचे नसून लांबीचे आहे. पहिल्यांदा करणारी पुष्कळ माणसे इथेच हात टेकतात, आणि त्यांच्या हातातला दांडा जेमतेम फूटभर असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, गाडी जमिनीवरच असावी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावलेले, आणि कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरावा. गोटीही जाड भिंतीची, चांगल्या पोलादाची हवी. नट फक्त सैल करायचा, काढायचा नाही.

न काढण्यामागे कारण आहे. हा नट ॲक्सल धरतो तसा चाकाच्या बेअरिंगलाही दोन्ही बाजूंनी आवळून ठेवतो. नट नसताना गाडीचा भार चाकावर आला किंवा गाडी ढकलली, तर चांगले बेअरिंग खराब होऊ शकते. एखाद्याचा नवा ॲक्सल वेळेवर आला नाही आणि गाडी हलवणे भागच पडले, तर जाणकार मेकॅनिक जुन्या सांध्याचे टोक हबमध्ये बसवून नट आवळतात आणि मगच गाडी हलवतात.

गाडी उचलण्याबद्दल तडजोड नको. कोरोलाचे वजन अकराशे-बाराशे किलो आहे आणि त्यातले जास्त पुढच्या भागात. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. हायड्रॉलिक जॅकचे सील गळू शकते, गाडीसोबत येणारा कात्रीचा जॅक कलंडू शकतो. सपाट, कठीण जमिनीवर, कंपनीने ठरवून दिलेल्या जागी पोलादी स्टँड लावून गाडी त्यांवर टेकवायची, हाताने जोरात हलवून पाहायची आणि काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे सरकवून ठेवायचे. विटा कधीही वापरू नयेत, वीट भाराखाली न सांगता फुटते. ज्याच्याकडे स्टँड नाहीत, त्याने हे काम घरी करू नये, एवढे स्पष्ट सांगायला हवे.

यानंतरची खोलाखोल कोरोलात सोपी आहे. चाक काढल्यावर सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला बॉल जॉइंट एक बोल्ट आणि दोन नटांनी जोडलेला दिसतो. ते काढले आणि आर्म खाली दाबला की चाकाचा सगळा जोड बाहेरच्या बाजूला झुलू लागतो. काही गाड्यांत बॉल जॉइंटचा निमुळता खुंटा थेट बसवलेला असतो, तिथे त्याच्या भोवतीच्या लोखंडावर बाजूने हातोडीचे चार ठोके मारले की तो सुटतो. दुतोंडी पाचर ठोकण्याने काम लवकर होते, पण तिथला छोटा रबरी बूट फाटतो. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, याकडे सतत डोळा हवा. ब्रेकचा कॅलिपर काढावा लागला, तर तो तारेने वर बांधायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही.

हबमधून ॲक्सलचे टोक बाहेर ढकलताना आटे जपायचे. जुना नट टोकाशी समपातळीत येईल इतका उलटा फिरवून ठेवावा, वर लाकडाचा तुकडा धरावा आणि मग ठोकावे. नवा ॲक्सल आहे म्हणून जुन्याच्या आट्यांची पर्वा नाही असे वाटते, पण आटे पसरले की टोक हबमधून निघतच नाही. जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे खाचा गंजाने अशा घट्ट धरतात की हबमधून टोक बाहेर ढकलणारा पुलर भाड्याने आणावा लागतो.

आतले टोक वेगळ्या स्वभावाचे आहे. चाक खड्ड्यात गेले की गिअरबॉक्स आणि चाक यांच्यातले अंतर बदलते. म्हणून आतला सांधा वाकण्याबरोबर लांब-आखूडही होतो. बहुतेक गाड्यांत तो तीन रोलरांचा असतो, रोलर एका खोल नळीतल्या तीन खाचांत मागेपुढे सरकतात. नवख्या हातांची नेहमीची चूक इथे होते. ते मधला दांडा धरून ओढतात. दांडा निघतो, पण रोलर नळीतून बाहेर पडतात आणि सांध्याचे डोके गिअरबॉक्समध्येच राहते. डोके गिअरबॉक्समध्ये अडकून राहते ते तारेच्या एका लहान कडीमुळे. टोकाजवळच्या खाचेत बसलेली ही सर्क्लिप आत जाताना दबते आणि डिफरन्शियलच्या गिअरपलीकडे गेल्यावर उघडते. तिला पुन्हा दाबायला सरळ, झटक्याचा जोर लागतो. सांध्याचे डोके आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत पहार किंवा मोठा चपटा दांडा घालून एकच कडक हिसका द्यायचा. टेकू जाड भागावर घ्यावा, कारण गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते. डोके निघताच तेल वाहू लागते, म्हणून आधीच तेल काढून घ्यावे किंवा निदान खाली घमेले ठेवावे. काढलेले तेल मोजून ठेवले, तर परत किती भरायचे याचा अंदाज मिळतो.

आतापर्यंतचे काम जोराचे होते. इथून पुढचे पाच मिनिटांचे काम घड्याळजीच्या हाताचे आहे. ज्या भोकातून ॲक्सल निघाला, त्याच्या कडेला ऑइल सील असते. त्याच्या रबराला आतून एक पातळ ओठ असतो आणि त्यामागे बारीक स्प्रिंगची कडी. फिरणाऱ्या पोलादाला हा ओठ हलकेच टेकून राहतो आणि सगळे तेल अडवतो. नव्या ॲक्सलच्या खाचांच्या कडा धारदार असतात. ॲक्सल वजनाने खाली झुकला आणि ती धार ओठावरून ओढली गेली, तर नखाएवढी चीर पडते. सगळी जुळणी झाल्यावर, शंभर-दोनशे किलोमीटरनंतर फरशीवर तेलाचा डाग दिसतो आणि पुन्हा पहिल्या नटापासून सुरुवात करावी लागते. सील स्वस्त असते, ॲक्सल निघालाच आहे तर नवे बसवणे शहाणपणाचे. बसवताना त्याच्या ओठाला बोटाने ग्रीस लावायचे, कडेवर सारखे ठोके देत ते सरळ आत न्यायचे.

नवा ॲक्सल दोन्ही हातांनी तोलून, आडवा, अगदी सरळ रेषेत आत सरकवायचा. सर्क्लिपचे उघडे तोंड खालच्या बाजूला ठेवायचे, टोयोटाच्या सूचना तसेच सांगतात. कडी त्यामुळे मध्यावर राहते आणि सहज दबते. खाचा जुळेपर्यंत ॲक्सल किंचित फिरवायचा. शेवटचा अर्धा इंच जात नाही, म्हणून हातोडी घेण्याचा मोह होतो. त्याऐवजी सांध्याच्या डोक्याला दोन्ही हातांनी आतल्या दिशेने एक झटका द्यायचा. टक असा आवाज येतो आणि हाताला तो कळतो. मग डोके धरून बाहेर ओढून पाहायचे. थोडेसे हलले पण निघाले नाही, तर कडी बसली. आवाज आला असे वाटले, एवढ्यावर थांबू नये.

बाकीचे उलट क्रमाने. बॉल जॉइंट जागेवर, हबमधून टोक बाहेर, आणि नट नवा. जुन्या नटाची कड एकदा वाकून उचललेली असते, ती पुन्हा तेवढ्या भरवशाने धरत नाही. हा नट हवेच्या गनने कचकचून आवळणे चूक आहे, कारण बेअरिंगवर नेमका किती दाब आला हे त्यात कळत नाही. गाडी खाली उतरवण्याआधी, कोणाला तरी ब्रेक दाबायला लावून टॉर्क रेंचने २१६ पर्यंत न्यायचा आणि कड खाचेत ठोकायची. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, कोरोलात १०३ न्यूटन मीटरला. गिअरबॉक्सचे तेल पातळीपर्यंत भरायचे. पहिल्या फेरीनंतर गाडीखाली टॉर्च मारून सील कोरडे आहे का ते पाहायचे आणि थोडे किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा तपासायचे. सस्पेन्शनचा वरचा स्ट्रट सोडवला नसेल, तर अलाइनमेंट सहसा बिघडत नाही. स्ट्रटचे बोल्ट काढले असतील, तर मात्र ती करून घ्यायलाच हवी.

सराईत मेकॅनिक हे तास-दीड तासात उरकतो. पहिल्यांदा करणाऱ्याने अख्खा दिवस हाताशी ठेवावा आणि दुकाने उघडी असतील असा दिवस निवडावा.

भारतातल्या गॅरेजमध्ये गणित थोडे वेगळे असते. इथे मजुरी तुलनेने कमी, म्हणून अख्खा ॲक्सल फेकण्याऐवजी तो खोलून फक्त बाहेरचा सांधा किंवा फक्त बूट बदलून देतात. अमेरिकेत तेवढ्या तासांच्या मजुरीत नवा ॲक्सल येतो, म्हणून तिथे पूर्ण दांडाच बदलला जातो. सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून रोज गाडी आतबाहेर काढणाऱ्यांनी आणि घाटातून नेहमी ये-जा करणाऱ्यांनी सर्व्हिसिंगच्या वेळी गाडी वर उचलली असताना चारही बूट डोळ्यांनी पाहून घ्यावेत. तपासणीच्या यादीत ते असतातच असे नाही, आणि मेकॅनिकला नुसते विचारले तरी तो टॉर्च धरून दाखवतो.

विजेच्या गाड्यांमुळे हा भाग इतिहासजमा होईल, असा एक समज आहे. तसे नाही. पुण्याजवळच्या रांजणगावात बनणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या विजेवरच्या आवृत्तीत मोटर पुढे आहे आणि तिची ताकद चाकांपर्यंत अशाच दोन दांड्यांतून जाते. उलट विजेची मोटर शून्य वेगापासूनच पूर्ण टॉर्क देते, आणि पाय उचलल्यावर बॅटरी चार्ज करताना तीच ताकद उलट दिशेने सांध्यांवर येते. इंजिन गेले, क्लच गेला, सायलेन्सर गेला. बूट आणि ग्रीस राहिले.

काढलेल्या जुन्या ॲक्सललाही किंमत असते. अमेरिकेत पुनर्निर्मित ॲक्सल विकताना दुकानदार अनामत रक्कम घेतो आणि जुना परत आणला की ती परत देतो. जमा झालेले ॲक्सल कारखान्यात उघडून धुतात, खड्डे पडलेल्या खाचा पुन्हा घासून सारख्या करतात आणि घासण्याने वाढलेली जागा भरून काढण्यासाठी किंचित मोठे छर्रे बसवतात. स्वस्त नवे ॲक्सल बाजारात आल्यापासून हा धंदा आटला आहे. पण स्वस्त ॲक्सल बसवल्यावर गाडी उभी असताना थरथरते, ही तक्रार अनुभवी मेकॅनिक वारंवार ऐकतात. म्हणून गाडीसोबत आलेला मूळचा ॲक्सल असेल, आवाज सुरू झाला नसेल आणि केवळ बूट फाटला असेल, तर अनामत सोडून द्यावी आणि तोच ठेवावा. सांधा उघडून जुने ग्रीस रॉकेलने किंवा क्लीनरने पूर्ण धुवायचे, सुकवायचे, सहाही खाचांवरून नख फिरवून पाहायचे. नख कुठे अडकले नाही, तर नवा बूट चढवायचा. बुटाच्या किटमध्ये ग्रीसची पिशवी त्या सांध्यापुरती मोजूनच दिलेली असते. ती पूर्ण पिळून घ्यायची, बरेचसे ग्रीस छर्‍यांच्या मधे दाबून भरायचे, उरलेले बुटात, आणि मगच पट्ट्या आवळायच्या.